नाव मावळाचे, मत महानगराचे : मावळ लोकसभा मतदारसंघाच्या निवडणूक-कथनाची चिकित्सा

बीजसंज्ञा : मावळ, मतदारसंघ पुनर्रचना, निवडणूक-कथन, स्थानिकत्व, पवना जलवाहिनी

प्रस्तावना :

सतराव्या लोकसभेच्या निवडणुकीचे निकाल 23 मे 2019 रोजी जाहीर झाले. मावळ मतदारसंघात शिवसेनेचे श्रीरंग बारणे यांना 7 लाख 20 हजार 663 मते मिळाली. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे पार्थ पवार यांचा त्यांनी 2 लाख 15 हजार 913 मतांनी पराभव केला. त्या दिवशी आणि त्यानंतर कित्येक महिने या निकालाचे एकच वाचन मराठी वृत्तपत्रांतून, वाहिन्यांवरून व व्यासपीठांवरून होत राहिले. पवार घराण्यातील व्यक्तीचा निवडणुकीतील पहिला पराभव, हे ते वाचन होय. प्राध्यापक-कक्षांतील चर्चाही याला अपवाद नव्हत्या.

हे वाचन दोन कारणांनी तपासून पाहण्यासारखे आहे. पहिले कारण साधे व ऐतिहासिक स्वरूपाचे आहे. केशवराव जेधे यांच्या निधनानंतर 1960 मध्ये बारामती लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तीत शेतकरी कामगार पक्षातर्फे वसंतराव पवार उभे होते व ते काँग्रेसच्या उमेदवाराकडून पराभूत झाले होते. त्यांचे धाकटे बंधू शरद पवार तेव्हा काँग्रेसच्या प्रचारात होते. म्हणजे 'पहिला पराभव' हे विधान वस्तुस्थितीशी जुळत नाही. स्मरणशक्ती तोकडी असली की मथळे सोपे होतात, एवढेच त्यातून कळते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या वाचनात मावळ कोठेही नाही. सहा विधानसभा क्षेत्रे, दोन जिल्हे, सह्याद्रीची एक संपूर्ण धार आणि 20 लाखांहून अधिक मतदार हे सर्व एका तरुण उमेदवाराच्या पराभवाची पार्श्वभूमी म्हणून उरतात. नाटकातील पडद्यावर रंगविलेल्या डोंगरासारखे त्यांचे स्थान होते. निवडणुकीचे कथन आणि निवडणुकीचा प्रदेश यांतील या तुटलेपणाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

राजकीय कथनाची मराठी सवय :

हे तुटलेपण केवळ पत्रकारितेचे नाही. त्याची मुळे मराठीतील राजकीय कथनाच्या घडणीत शोधता येतात. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' (1972) आणि 'सिंहासन' (1977) या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला सत्ता कशी वाचावी हे शिकविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. या दोन कादंबऱ्यांवर आधारित, विजय तेंडुलकर यांची पटकथा असलेला जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (1979) हा चित्रपट तर राजकीय चर्चेतील कायमचा संदर्भ झाला आहे. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी आणि या सर्वांकडे पाहणारा वार्ताहर दिगू टिपणीस ही पात्रे आजही नावानिशी आठवली जातात. (अर्थमंत्र्याचे आडनाव दाभाडे आहे, हे तळेगावच्या वाचकाच्या सहज लक्षात येते, मात्र त्या पात्राचा तळेगावशी काही संबंध नाही.)

साधूंचे यश निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या कथनाचे केंद्र मंत्रालय, बंगले आणि दूरध्वनी हे आहे. मतदारसंघ तेथे कोणाच्या तरी मागे किती आमदार आहेत या हिशेबात येतो. महानगरातील दाट वस्ती, तेथील बेकारी व गुन्हेगारी यांचे चित्रण 'मुंबई दिनांक'मध्ये आहे; तथापि मत देणारा माणूस मत का देतो, हा त्या कादंबऱ्यांचा प्रश्न नाही. रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट' (1994) या बृहद् कादंबरीने सत्तेची घडण जिल्ह्याच्या पातळीवर, संस्था व सहकार यांच्या जाळ्यातून दाखविली. तरीही निवडणुकीच्या चर्चेवर छाप राहिली ती 'सिंहासन'चीच. कोण कोणाला पाडणार, कोणाचा वारस कोण, कोणी कोणाचा फोन उचलला नाही, या प्रश्नांत मराठी मन जितके रमते तितके ते पाणी, जमीन व रस्ता यांत रमत नाही. 2019 चा मावळचा निकाल हा 'सिंहासन'चा उत्तरार्ध असल्याप्रमाणे वाचला गेला, त्यामागे ही सवय आहे.

मुंबईच्या मध्यवस्तीतील मतदारसंघांना या बाबतीत एक लाभ होता. 1967 मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांचा पराभव केला. 1984 मध्ये, देशभर काँग्रेसची लाट असताना, दत्ता सामंत दक्षिण-मध्य मुंबईतून निवडून आले. या दोन्ही निकालांमागे एक बोलका, परस्परांना ओळखणारा शेजार होता. चाळीची गॅलरी, गिरणीच्या दारावरची सभा, गणेशोत्सवाचा मांडव, खानावळ या ठिकाणी मतदारसंघ स्वतःशी बोलत असे. त्यामुळे त्याची कथा सांगणारेही त्यातूनच निघाले. मावळ, मुळशी, जुन्नर, खेड येथून मुंबईस गेलेले डबेवाले व माथाडी या शेजाराचा भाग होते. मावळचा माणूस असा मध्यवस्तीच्या निवडणुकांत फार पूर्वीपासून वावरला. मावळ मतदारसंघाला मात्र असा एकही सामाईक कट्टा नाही. उरणच्या मिठागराजवळचा मतदार आणि नाणे मावळातील भातशेतकरी यांची गाठ पडते ती फक्त मतमोजणीच्या तक्त्यात.

मतदारसंघ कसा घडला :

मावळ हा लोकसभा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेतून निर्माण झाला आणि 2009 मध्ये तेथे प्रथम निवडणूक झाली. त्यात रायगड जिल्ह्यातील पनवेल, कर्जत व उरण आणि पुणे जिल्ह्यातील मावळ, चिंचवड व पिंपरी ही विधानसभा क्षेत्रे येतात. पिंपरी हे अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पिंपरी-चिंचवड शहराचाच भाग असलेली भोसरी शिरूर मतदारसंघात गेली. त्यापूर्वी पनवेल-उरणचा प्रदेश कुलाबा मतदारसंघात होता. दि. बा. पाटील यांना लोकसभेत पाठविणारा तो हाच प्रदेश.

पुनर्रचनेचा आधार 2001 ची जनगणना हा होता. लोकसंख्येचे समान वाटप हे तिचे पहिले तत्त्व. भौगोलिक रचना, प्रशासकीय सीमा व दळणवळण यांचा विचार त्यानंतर. मावळच्या बाबतीत दळणवळणाचा निकष अक्षरशः लागू पडला. द्रुतगती मार्ग, जुना महामार्ग आणि लोहमार्ग हे तीनही बोरघाटातून जातात व मतदारसंघाचे दोन तुकडे शिवून टाकतात. परंतु रस्ता ज्यांच्या गावातून जातो त्यांचा तो असतोच असे नाही. द्रुतगती मार्गावर मावळची गावे खालच्या मोऱ्यांतून ये-जा करतात आणि वरून मुंबई व पुणे धावत असतात.

या सहा क्षेत्रांचे वजन समान नाही. 2024 मध्ये मतदारसंघात सुमारे 25 लाख 85 हजार मतदार होते. त्यांपैकी एकट्या चिंचवड क्षेत्रात 6 लाखांहून अधिक, तर पनवेलमध्ये 6 लाखांच्या जवळपास होते. मावळ क्षेत्रात 4 लाखांपेक्षा कमी. म्हणजे ज्या तालुक्याचे नाव मतदारसंघाला मिळाले त्याचा वाटा सातव्या हिश्श्याच्या आसपास आहे, आणि त्यातही तळेगाव दाभाडे, लोणावळा, देहूरोड अशी नागरी केंद्रे आहेत. आंदर, नाणे व पवन या तीन मावळांतील वाड्यावस्त्यांचे स्वतंत्र वजन काढू गेल्यास ते फारच थोडे भरते. 2014 मध्ये एकूण मतदार साडेएकोणीस लाखांच्या घरात होते. दहा वर्षांत झालेली सहा लाखांची वाढ कोठे झाली, हे वाकड, रावेत, किवळे आणि खारघर, कामोठे येथील इमारती पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

लोणावळ्याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. 2011 च्या जनगणनेनुसार लोणावळ्याची लोकसंख्या 57,698 होती. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी रस्त्यावर दिसणारी माणसे या आकड्यात बसत नाहीत. लोणावळा-खंडाळ्यातील अनेक बंगल्यांचे मालक मुंबईत वा पुण्यात मत देतात. उलट, डबे पोहोचविण्यासाठी मुंबईत राहणारा मावळातील माणूस पुष्कळदा आपले नाव गावच्या यादीत राखून असतो. 2019 मध्ये मुंबईतील सहाही मतदारसंघांत आणि मावळात एकाच दिवशी, 29 एप्रिल रोजी, मतदान झाले. 2024 मध्ये मावळात 13 मे रोजी आणि मुंबईत 20 मे रोजी. राहणे एकीकडे आणि मत दुसरीकडे अशा माणसांच्या दृष्टीने तारखांचा हा फरक क्षुल्लक नसतो.

'स्थानिक' या शब्दाची तपासणी :

मावळच्या निवडणुकांत 'स्थानिक' हा शब्द कळीचा ठरला. 2019 मध्ये तो बारामतीच्या विरोधात वापरला गेला. महाराष्ट्राच्या प्रचारभाषेत बाहेरून आलेल्या उमेदवारास 'पार्सल' म्हणण्याची रीत आहे आणि ही रीत सर्व पक्ष आपापल्या सोयीने पाळतात. स्थानिक विरुद्ध बाहेरचा अशी लढत झाली आणि स्थानिक जिंकला, असे 2019 च्या निकालाचे दुसरे लोकप्रिय वाचन आहे.

चार निवडणुका एकत्र ठेवल्या की हे वाचन डळमळते. 2009 मध्ये शिवसेनेचे गजानन बाबर यांनी राष्ट्रवादीचे आझम पानसरे यांचा 80 हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. दोघेही पिंपरी-चिंचवडच्या राजकारणातील. 2014 मध्ये बाबर यांना उमेदवारी मिळाली नाही. बारणे उभे राहिले व सुमारे 5 लाख 12 हजार मते घेऊन निवडून आले. शेतकरी कामगार पक्षाच्या पाठिंब्यावर उभे असलेले चिंचवडचे लक्ष्मण जगताप यांना सुमारे 3 लाख 54 हजार, तर राष्ट्रवादीचे राहुल नार्वेकर यांना सुमारे 1 लाख 82 हजार मते मिळाली. नार्वेकर दक्षिण मुंबईचे. पुढे ते कुलाब्यातून आमदार व विधानसभेचे अध्यक्ष झाले. 2024 मध्ये बारणे यांच्यासमोर शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे संजोग वाघेरे होते. ते पिंपरी-चिंचवडचे माजी महापौर, म्हणजे पूर्णतः स्थानिक. तेही 96 हजार 615 मतांनी पराभूत झाले.

विरोधी उमेदवार दोनदा स्थानिक होता व दोनदा बाहेरचा होता. पराभव चारही वेळा झाला. किंबहुना 2014 मधील जगताप व नार्वेकर यांच्या मतांची बेरीज 5 लाख 36 हजारांच्या पुढे जाते आणि ती विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा अधिक आहे. 2019 मध्ये पार्थ पवार यांना 5 लाख 4 हजार 750 मते मिळाली. म्हणजे विरोधी मतांचा साठा फारसा आटलेला नव्हता. वाढली ती बारणे यांची मते, पाच वर्षांत दोन लाखांहून अधिक. या काळात जगताप भाजपमध्ये गेले होते, मध्यंतरी तुटलेली युती पुन्हा झाली होती आणि मतदारसंघात लाखो नवे मतदार आले होते. मताधिक्याचा मोठा भाग चिंचवड, पनवेल व पिंपरी या नागरी पट्ट्यातून आला. घराण्याच्या पतनाची कथा ज्यांना हवी होती त्यांनी हा हिशेब मांडला नाही. 'बाहेरच्या'ला नाकारण्याची कथा ज्यांना हवी होती त्यांनीही मांडला नाही.

'स्थानिक' म्हणजे कोठला, हा प्रश्नही याच ठिकाणी विचारायला हवा. 2009 पासून निवडून आलेले दोन्ही खासदार पिंपरी-चिंचवडचे आहेत. दुसऱ्या क्रमांकाची मते मिळविणारे चारपैकी तीन उमेदवारही तेथलेच. वडगाव, कामशेत वा पवनानगरच्या दृष्टीने पाहिले तर थेरगाव हे बारामतीपेक्षा जवळ आहे खरे. परंतु पाण्याच्या प्रश्नात ते समोरच्या काठावर आहे.

नळाची दोन टोके :

मावळ मतदारसंघाचा खरा नकाशा रस्त्यांनी नव्हे, पाण्याने काढता येतो. पुनर्रचनेच्या वेळी कोणाच्या मनात हे असेल असे नाही. तथापि सीमा आणि नळ यांचे जुळणे थक्क करणारे आहे. टाटा समूहाच्या जलविद्युत योजनेत लोणावळा, वळवण व शिरवता येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस सोडले जाते. तेथील वीजकेंद्र 1915 पासूनचे. खोपोली आज कर्जत विधानसभा क्षेत्रात आहे. आंदर मावळातील ठोकळवाडी धरणाचे पाणी भिवपुरीस जाते; तेथील केंद्र 1922 मध्ये सुरू झाले आणि तेही कर्जत तालुक्यात आहे. मुळशीच्या धरणाला सेनापती बापट यांच्या सत्याग्रहामुळे मराठी स्मृतीत स्थान मिळाले. ठोकळवाडीला तसे मिळाले नाही. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस अशा रीतीने शंभर वर्षे मुंबईची वीज होत आला आणि पुढे पाताळगंगेतून रायगडच्या कारखान्यांपर्यंत पोहोचला.

तिसरा प्रवाह उलट दिशेचा, पूर्वेकडे जाणारा. साडेआठ टीएमसी क्षमतेच्या पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ते उचलते. 2011 च्या जनगणनेत 17 लाख 27 हजार लोकसंख्या असलेले हे शहर मुख्यतः या पाण्यावर वाढले. धरण ते निगडी अशी बंद जलवाहिनी टाकण्याची योजना जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून पुढे आली. महापालिकेची बाजू अशी की उघड्या पात्रात पाणी वाया जाते व प्रदूषित होते. शेतकऱ्यांची बाजू अशी की पाणी नळात गेले की पात्र कोरडे पडेल आणि काठावरच्या उपसा सिंचनाला काही उरणार नाही. धरणासाठी जमिनी दिलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अगोदरच पडून होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच तो राजकीय प्रश्न आहे.

9 ऑगस्ट 2011 रोजी, क्रांतिदिनी, जलवाहिनीच्या विरोधात द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. त्यांत एक महिला होती. जलवाहिनीचे काम थांबविण्यात आले. तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते, महापालिका राष्ट्रवादीकडे होती. आंदोलनात भाजप, शिवसेना व शेतकरी संघटना होत्या. 2014 मध्ये राज्यातील आणि 2017 मध्ये महापालिकेतील सत्ता आंदोलक पक्षांकडे आली. जलवाहिनीची मागणी संपली नाही. तिचे मागणारे बदलले. 2023 मध्ये स्थगिती उठविली गेली तेव्हा राज्याच्या सत्तेत भाजप, शिवसेना व राष्ट्रवादी या तिन्ही नावांचे पक्ष एकत्र होते.

याच मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाला, उरण तालुक्यातील जासई-दास्तान परिसरात, 16 व 17 जानेवारी 1984 रोजी सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पोलीस गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला होता. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा हे त्या लढ्याचे फलित मानले जाते, आणि नवी मुंबई विमानतळास दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे यासाठी 2021 मध्ये झालेल्या आंदोलनामागेही तीच स्मृती होती. जमिनीसाठी एक गोळीबार, पाण्यासाठी एक गोळीबार, आणि दोन्हींचे कारण वाढते शहर. हा दुवा जोडणारे एकही प्रभावी कथन या मतदारसंघाच्या निवडणुकांतून उभे राहिले नाही. जासईच्या हुतात्म्यांना अभिवादन घाटाखाली होते, बऊरच्या हुतात्म्यांना घाटावर.

याचे कारण उमेदवारांच्या नीतिमत्तेत शोधणे अन्यायाचे ठरेल. मावळचा खासदार हा नळाच्या दोन्ही टोकांचा खासदार आहे. जलवाहिनी व्हावी असे तो म्हणाला तर पवन मावळ दुरावतो. होऊ नये म्हणाला तर चिंचवड. पहिल्या बाजूला काही हजार मते आहेत, दुसऱ्या बाजूला काही लाख. तेव्हा मधल्या मार्गाची भाषा जन्माला येते. 'शेतकऱ्यांना विश्वासात घेऊन', 'सर्वमान्य तोडगा', 'कोणावरही अन्याय न होता' हे तिचे ठरीव शब्दप्रयोग. समीक्षकाने वाचायचे ते हे शब्दप्रयोग. ते निरर्थक नाहीत. काय बोलता येत नाही याची सीमारेषा ते नेमकी आखून देतात.

2019 मध्ये बऊरच्या गोळीबाराची आठवण प्रचारात काढली गेली, पण चर्चेचा भर गोळीबाराच्या वेळी सत्तेत कोण होते यावर राहिला. पाणी कोणाचे, हा प्रश्न त्यामागे झाकला गेला. पुढे ऑक्टोबर 2021 मध्ये लखीमपूर खीरीच्या घटनेवरून वाद सुरू असताना भाजपने मावळचा गोळीबार पुन्हा पुढे आणला. शरद पवार यांनी त्यास उत्तर देताना मावळच्या मतदारांनी राष्ट्रवादीच्या आमदारास नव्वद हजारांच्या मताधिक्याने निवडून दिल्याचा दाखला दिला. लोकसभेनंतर पाचच महिन्यांनी झालेल्या विधानसभा निवडणुकीत मावळातून राष्ट्रवादीचे सुनील शेळके 93 हजार 942 मतांनी विजयी झाले होते, हे खरे आहे. 1995 पासून भाजपकडे असलेली ती जागा होती. परंतु शेळके हे निवडणुकीच्या तोंडावर भाजपमधून आलेले होते, आणि त्या लढतीत तालुक्यातील गटातटांचा मोठा वाटा होता. 2024 मध्ये तर भाजपचे स्थानिक कार्यकर्ते व महाविकास आघाडी एकाच अपक्षाच्या पाठीशी उभे राहिले आणि शेळके तरीही एक लाखाहून अधिक मतांनी जिंकले. अशा निकालाला तीन मृत्यूंवरील जनतेचा कौल मानणे म्हणजे मतपेटीवर न्यायालयाचे ओझे लादणे होय. 2019 चा लोकसभा निकाल हा गोळीबाराचा सूड होता असे म्हणणारेही हीच चूक करतात.

हसण्याचे राजकारण :

पार्थ पवार यांच्या पहिल्या जाहीर भाषणाचा प्रसंग येथे टाळता येत नाही. मार्च 2019 मध्ये चिंचवड येथे ते लिहिलेले भाषण वाचताना अडखळले. त्या चित्रफितीचा समाजमाध्यमांवर मोठा प्रसार झाला व खूप थट्टा झाली. महाराष्ट्राला वक्तृत्वाची थोर परंपरा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे व कॉम्रेड डांगे यांच्या सभा ऐकलेल्या पिढीचे कान तयार होते. अडखळणाऱ्या उमेदवाराला हसण्याचा अधिकार श्रोत्यांना आहे, हे मान्य करावे लागेल.

मात्र त्या हसण्याने काय साधले, हे पाहिले पाहिजे. उमेदवाराची मराठी हा निवडणुकीचा विषय झाला. जो पक्ष महापालिकेत 2017 पर्यंत सत्तेवर होता त्याच्या उमेदवाराला जलवाहिनीविषयी नेमके काय करणार, असे खडसावून विचारण्याची संधी होती. तिच्या जागी उच्चारांची परीक्षा घेतली गेली. विरोधकांनाही ते सोयीचे होते, कारण उलट प्रश्न त्यांनाही अडचणीचाच ठरला असता. शुद्ध, ओघवत्या मराठीत दिलेले 'सर्वमान्य तोडग्या'चे आश्वासन हे अडखळत वाचलेल्या आश्वासनापेक्षा अधिक खरे नसते. भाषेच्या अध्यापकांनी तरी हा भेद नजरेआड करू नये. दुर्दैवाने त्या चित्रफितीचा आस्वाद घेण्यात तेही मागे नव्हते.

2024 मध्ये चित्र असे पालटले की 2019 मध्ये पार्थ पवार यांच्यासाठी मते मागणाऱ्यांपैकी अनेकांनी महायुतीचे घटक म्हणून बारणे यांच्यासाठी मते मागितली, आणि बारणे यांच्या जुन्या पक्षाच्या दुसऱ्या गटाने राष्ट्रवादीतून आलेले वाघेरे यांना उभे केले. घराणे, गद्दारी, निष्ठा हे शब्द पुन्हा केंद्रस्थानी आले. मतदान मात्र 55 टक्क्यांच्या आसपास राहिले, 2019 पेक्षाही कमी. जवळपास निम्म्या मतदारांना ही कथा ऐकावीशी वाटली नाही, असाही त्याचा एक अर्थ लावता येतो. सदोष याद्या, मे महिन्याचा उन्हाळा आणि शहरातील सुट्टीची ओढ ही कारणेही अर्थातच आहेत.

पुढील पुनर्रचना जेव्हा होईल तेव्हा लोकसंख्येचा निकष पुन्हा प्रथम लागेल. पिंपरी-चिंचवड आणि पनवेल ही दोन्ही शहरे तोपर्यंत इतकी वाढलेली असतील की त्यांना एका मतदारसंघात ठेवणे कठीण होईल. पिंपरी-चिंचवडचा स्वतंत्र मतदारसंघ झाल्यास मावळ तालुका कोणाला जोडला जाईल, हे आकडेच ठरवतील. तसे झाले तर पवना धरण एका खासदाराच्या क्षेत्रात आणि रावेतचा बंधारा दुसऱ्याच्या क्षेत्रात येईल. लोणावळ्याचे तलाव व खोपोलीचे केंद्रही बहुधा वेगळे होतील. मग पाण्याविषयी स्पष्ट बोलण्यास प्रथमच मोकळीक मिळेल, आणि ते बोलणारा प्रतिनिधी लोकसभेत पिंपरी-चिंचवडच्या प्रतिनिधीसमोर एकास एक असेल. मावळातील गावांच्या दृष्टीने आजच्या सातव्या हिश्श्यापेक्षा ते बरे की वाईट, याची चर्चा वडगाव, कामशेत व पवनानगर येथे पुनर्रचनेच्या हरकती-सूचनांची मुदत सुरू होण्यापूर्वी व्हावयास हवी. 2008 च्या वेळी ती मुदत संपली तेव्हा जलवाहिनी अजून कागदावर होती.